एकोणतीस टॅब

तलवाडा, २० जुलै २०२५

चि. पौर्णिमास,

बन्सीकाकाचा जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या बाबाचं, म्हणजे माझ्या दादाचं आत्मकथन तू मोबाईलवर आणलंस, बेस झालं. वर्षावासात रोज सांजच्याला विहारात वाचतोय. पण ते अ‍ॅप मला सांगू नको. आधी नंबर मागतंय, मग ओटीपी, मग तुमचे फोटो बघू का म्हणतंय. पुस्तक वाचायचंय का सोयरीक जमवायची हाय? मी आपला ब्राउझरात उघडतो अन् वाचतो.

आमची आई रोज पुढं बसती. डोळे मिटायच्या आधी दादानं तिला सांगितलतं की तुझ्यावर एक पान लिहिलंय. ते कधी येतंय, एवढंच विचारती. मी ते पान आधीच उघडून ठेवलंय.

लोभ आटू देऊ नको.

तुझा काका, बन्सी

पुणे, ५ ऑगस्ट २०२५

ती. काकांना पौर्णिमाचा सविनय जयभीम.

धन्य आहे तुमची! तुमचा प्रवीणदादा सांगत होता, तुमच्या ब्राउझरात एकोणतीस टॅब उघडे आहेत. पान हरवेल म्हणून बंदच करत नाही म्हणे! नेट गेलं की अख्खा विहार गोल फिरणारी चकरी बघत बसतो. अ‍ॅपमध्ये खूण राहते, नेट लागत नाही, पुस्तकात काही सुधारलं तर आपोआप येतं. मी थोडं सुधारलंही आहे. सासरचे, ऑफिसातले वाचतात ना.

हट्ट सोडा, पण माझ्यावरची माया सोडू नका. आजीची तब्येत कळवा.

आपली पौर्णिमा

तलवाडा, १८ ऑगस्ट २०२५

चि. पौर्णिमास जयभीम.

ऐकलं बाई तुझं. प्रवीणनं अ‍ॅप टाकून दिलं. काल आईच्या पानाचा दिवस. ती ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून आलती. मी वाचत गेलो. दादा परळीला शाळेत गेला अन् पुढच्याच ओळीत साहेब झाला. मधलं पानच न्हाई! आईनं परळीच्या थर्मलात कोळशाच्या राखेच्या पाट्या वाहिल्या, टाळूवरचे केस गेले, त्या मजुरीवर दादा शिकला, सगळं गायब. हीच का तुझी सुधारणा? वा गं शहाणे! त्याच मजुरीवर तू पुण्याला पोचलीस.

आई विचारायली, माझं पान कुठंय. मी ब्राउझर उघडला. तू ज्याला हसलीस त्या एकोणतीस टॅबांत, तुझ्या सुधारणेच्या आधीच उघडलेलं, ते पान जसंच्या तसं होतं. वाचलं. घरी येऊन वहीत उतरवून घेतलं. वही आपोआप सुधारत न्हाई.

आईला खरं सांगावं लागलं. रागावली न्हाई. एवढंच विचारायला सांगितलंय, पाट्या मी वाहिल्या, मग लाज तुला कावून वाटली?

उत्तर तिच्याच नावानं लिही. तिला वाचता येत न्हाई. मी वाचून दाखवीन, विहारात, सगळ्यांपुढं.

लोभ हाय, पण सध्या रागाखाली हाय.

बन्सी