शनिवारी फोन कोण घेणार

शुक्र. ७ नोव्हें., शिरपूर (जि. वाशीम)
आज घोळ केला. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत ठाण्याच्या सगळ्या आजी-आजोबांना फोन करायचा, औषधं घेतली का, सांभाळणारी बाई आली का विचारायचं, हे माझं काम. मी जिथं काम करते तो ट्रस्ट ज्यू समाजाचा. मावळतीला शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस, लागला की उद्या चांदण्या निघेपर्यंत त्यांतलं कुणी फोनला हात लावत नाही. हन्नाआजी तेवढ्या राहिल्या होत्या. खिडकीबाहेर पाहिलं तर अंधारून आलेलं. म्हटलं, शब्बाथचा दिवा लावला असेल, आता कशाला त्रास. भांडी घासताना डोक्यात प्रकाश पडला, ठाण्याला दिवस आपल्यानंतर मावळतो. तोवर तिथलाही मावळलेला. आई गेली तेव्हा पंधरा दिवसांसाठी म्हणून आले होते. होळीपासून इथूनच काम करतेय आणि अजून हे डोक्यात बसत नाही.

शनि. ८
शनिवारचा फोन माझ्याकडेच असतो. ऑफिसात ज्यू नसलेली मी एकटी. सांभाळणाऱ्या बायका दिवसभर फोन करतात. एकीचा बस चुकल्याचा, एकीचा गॅस संपल्याचा, एकीचा नुसताच रडण्याचा. बाबा आजही एकटेच जेवले.
चांदण्या निघाल्यावर ह. आजींचा फोन. "तुझ्यासाठी दिवा लावायची थांबले होते गं. मग उशीर झाला तसा लावला. देवाला सांगितलं, पोरगी कामात असेल." दिवा मावळायच्या आत लावायचा असतो, इतक्या वर्षांत त्यांना उशीर झाला नव्हता. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रवि. ९
आज सगळे कामावर, म्हणजे मीही. अबिगेलताईंनी (आमच्या प्रमुख) फोनवर सरळ विचारलं, "उज्ज्वला, तू सुट्टी कधी घेतेस?" त्यांच्या शनिवारी मी, त्यांच्या रविवारी मी. म्हणाल्या, "पंधरा तारखेपासून शनिवारचा फोन एजन्सीला देतेय. माणसाला एक दिवस हवाच. आमच्यात तो हुकूम आहे, सल्ला नाही."
मी थँक्यू म्हटलं. पण मग शनिवारी कुणीच फोन करणार नाही.

मंगळ. ११
बाबांना सांगितलं.
"सुट्टी भेटली म्हंते? मंग करशीन काय दिवसभर?"
तेच तर.
गावात कुणी विचारलं की बाबा माझी नोकरी समजावून सांगतात: "आपल्या गावातल्या जैनांसारखंच हाय त्यायचं. दिवस मावळला का बंद." चावडीवर हे सगळ्यांना पटलंय. मीही दुरुस्त करत नाही, तेवढाच विषय निघतो घरात. आई होती तेव्हा आम्हा दोघांचं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. आता मधे कुणी नाही.
ठाण्याच्या मैत्रिणींचा ग्रुप गप्प आहे. मीच काही टाकलं नाही बहुतेक.

शुक्र. १४
सगळ्यांना आज वेळेत फोन झाले. ह. आजींना पहिला. बायकांना एजन्सीचा नंबर पाठवला, दोनदा. ह. आजींना सांभाळणाऱ्या मंदाबाईंनी विचारलं, "पण ताई, तुम्ही असालच ना?"
जेवताना बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "त्या आजीसंग घंटाभर बोलते तू. माह्यासंग काहून नाही बोलत?"
मी भाजी वाढली.

शनि. १५
उठून केस धुतले. वाशीमला जावं म्हटलं. पण वाशीमला कुणाकडे? बाहेर आले तर ओसरीत बाबा, धुतलेला सदरा घालून.
"आज मी नाही गेलो वावरात. तुही सुट्टी हाय ना."
हरभऱ्याला पाणी द्यायचं सोडून थांबले होते. मी चहा केला, समोर बसले. असं बसायची दोघांनाही सवय नाही. मग तेच सुरू झाले, आईबद्दल. ती गेल्यापासून पहिल्यांदा.
"तुही माय नवी नवी आली तवा दर बाजाराच्या दिवशी दुपारची घरातून निघून जाये. कुठं जाते, सांगे नाही. एक डाव मी तिच्या मांगंमांगं गेलो, तं…"
फोन वाजला. मंदाबाई.
बाबा थांबले. म्हणाले, "घे. काम असन."
मी घेतला नाही. उलटा करून ठेवला. वाजत राहिला, बंद झाला, पुन्हा एकदा वाजला. एजन्सीचा नंबर आहे तिच्याकडे. केला असेल.
"मग? आई कुठं जायची?"
"जाऊ दे," म्हणाले. उठले, खुंटीवरचा गमछा घेतला, वावरात निघाले. मी थांबा म्हटलं नाही. काय म्हणून थांबवणार होते, माझं लक्ष त्या फोनकडेच होतं आणि त्यांना ते दिसत होतं.
मंदाबाईंना उलट फोन केलेला नाही अजून. आई कुठं जायची तेही कळलं नाही.