चौथ्या कडेची मगजी

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईची उजवी बाजू अजून हलत नाही. झटका आल्यापासून वाचा गेली ती गेलीच, पण परवापासून एकच शब्द परत आलाय : मगजी. दिवसभर तेवढाच. डॉक्टरांना वाटलं, मगज म्हणजे डोकं, तेच दुखत असेल. गोळ्या दिल्या, तिने डाव्या हाताने उडवून लावल्या. अंग अर्धं गेलं, खाक्या मात्र पूर्ण शाबूत आहे!

शिवणाची भाषा तुम्हा दोघींची. मला साधं बटण लावता येत नाही हे तूच चारचौघांत सांगत असतेस. तेव्हा आता तूच सांग, काय मागतेय ती? माझ्याकडे अशी बघते की जीव कासावीस होतो.

लोभ उसवू देऊ नकोस.
तुझी धाकटी

९ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

वेडे, मगजी म्हणजे कापडाच्या कडेला शिवतात ती अरुंद, दुमडलेली पट्टी. उरेब, म्हणजे तिरकी कापायची, की वळणावर चुणी पडत नाही. झालर नुसती लोंबते. मगजी शोभाही आणते आणि कडेची सुतंही सुटू देत नाही. इथे कारखान्यात यंत्र मिनिटात लावतं, पण आईच्या हाताची सर नाही.

आता पुढचं बसून वाच. आईच्या खाटेखालच्या पेटीत, तळाला, एक दुपटं आहे. जन्मताच गेलेल्या तुझ्या मुलीसाठी शिवायला घेतलेलं. तीन कडांना पिवळी मगजी लागली होती, आणि तू दवाखान्यातून रिकाम्या हातांनी आलीस. तुला कळू द्यायचं नाही, असं आईने मला बजावलं होतं. नऊ वर्षं मी गप्प राहिले. तेच मागत असेल ती. झेपणार नसेल तर पेटी उघडू नकोस. पुढच्या महिन्यात रजा मिळाली की मी येतेच.

रागाव हवं तर, पण माया आटू देऊ नकोस.
तुझी ताई

१६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पेटी उघडली. आईने दुपटं ओढून माझ्या मांडीवर ठेवलं, माझा हात उघड्या कडेवर दाबला आणि म्हणाली, मगजी. उरलेली पट्टी आतच घडी करून ठेवलेली होती. मी शिवायला बसले. ती डाव्या हाताने कापड ताणून धरायची. टाका वाकडा गेला की हातावर चापट. चार दिवसांत कड पुरी झाली.

ताई, बाळ गेलं तेव्हा आई मला म्हणाली होती, झालं ते झालं, पुन्हा होईल. पुन्हा काही झालं नाही. तिला काही वाटलंच नाही, असं धरून मी इतकी वर्षं मनातून तिच्यावर चिडून होते. काल ती रडली, अर्ध्याच चेहऱ्याने. मग मलाही आवरेना.

मी तेव्हा शुद्धीवर नव्हते. बाळाला पाहिलं ते फक्त आईने. आता विचारते तर ती ओठ हलवते, खूप धडपडते, आणि बाहेर पडतं ते मगजीच. कशी होती गं ती? तुला आई कधी काही बोलली होती का? एक ओळ आठवली तरी लिही.

तुझी धाकटी

२१ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. नंतर एकदाच आईला विचारलं. मशीन न थांबवता तिने सांगितलं, की केस दाट होते. नाक तुझं. डावी मूठ मिटलेली होती. आईने ती अलगद उघडून आपलं बोट आत ठेवलं, पण मूठ परत मिटली नाही.

याहून जास्त माझ्याजवळ नाही, धाकटे. असतं तर आता लपवलं नसतं.

तुझी ताई