पिनहोल टेस्ट आणि पाच लिटरचा कॅन

४ एप्रिल १९९४, सकाळी ८
संकल्प : या वर्षी प्रयोगशाळेत कोणाचीही चूक खपवून घेणार नाही. जूनमध्ये प्रमुखपदाची मुलाखत आहे. समितीत अधीक्षक अभियंता हिम्मतराव आहेत. त्यांच्याच धरणाची माती तपासायला आली आहे, हा योग म्हणायचा.
पद्धत सोपी, पण माणसे ढिली. माती ठोकून डब्यात बसवायची, सुईने एक मिलिमीटरचे भोक पाडायचे, त्यातून डिस्टिल्ड वॉटर सोडायचे. गढूळ आले, तर धरण आतून पोखरले जाणार. नितळ आले, तर भराव घालायला हरकत नाही. धरणाखाली तीन गावे आहेत.

७ एप्रिल
नवी मारुती सुरू होईना. कोठी भागातला मेकॅनिक म्हणाला, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घाला. बाजारातल्या बाटलीवर माझा विश्वास नाही. प्रयोगशाळेचा कॅन घरी नेला, रिकामा परत आणला. शास्त्रज्ञाने वेळेवर पोहोचणे हे संस्थेचेच काम होय.
सहायक अप्पाराव कुरकुरला : साब, डिस्टिल्ड पानी की मशीन का हीटर जल गया, कैसा भरना? मी बजावले, उद्या सकाळी कॅन भरलेला दिसला पाहिजे. कारणे ऐकण्याची मला सवय नाही.

८ एप्रिल
कॅन भरलेला. शिस्त म्हणजे काय, ते असे.

१२ एप्रिल
तिन्ही नमुने पास. पाणी अगदी नितळ. रश्मी (दोन महिन्यांपूर्वी रुजू, प्रश्न फार) म्हणाली, सर, पाण्यात क्षार असले तर वाईट मातीही विरघळत नाही. पाणी एकदा तपासू या का? कॅनवरील लेबल माझ्या अक्षरात आहे, एवढेच तिला दाखवले. अहवालावर सही केली.

१६ एप्रिल
बॅटरीत पुन्हा थोडे पाणी, त्याच कॅनमधले. उन्हाळा.

२ मे
गाडी बंद. मेकॅनिकने झाकण उघडले आणि हसला : साब, नल का पानी कौन डाला? मी त्याची पात्रता विचारली. त्याने पांढरा थर दाखवला.
अप्पारावला फैलावर घेतले. तो शांतपणे म्हणाला : आपीच बोले थे साब, कॅन भरेला होना. नल से भर दिया.
रश्मीने कोठीहून बाजारातली बाटली आणली. पुन्हा टेस्ट. डब्यातून चहा निघाला. दुधाचा.

३ मे, सकाळी १०
बसने आलो. मुख्य दोष हीटरचा. दुय्यम अप्पारावचा. भराव कालपासूनच सुरू आहे, म्हणून हिम्मतरावांना मीच फोन केला : काम थांबवा, ही माती चालणार नाही. त्यांनी थांबवले. मग विचारले, चूक सापडली कशी? मी सांगितले, आमच्या फेरतपासणीच्या काटेकोर पद्धतीमुळे. ते म्हणाले, शाबास. मी रिसीव्हर टेबलावर ठेवून अहवालाची तारीख शोधू लागलो.
शेजारी उभा अप्पाराव म्हणाला : हौ साब, पन मारुती की बॅटरी का भी बोलना था नै?
हिम्मतरावांनी फोन ठेवलेला नव्हता.