बावीस वर्षांच्या टाकीत तीन वर्षांचं पिंप

४ मार्च, मंगळवार

मुंगे,

खूप खूप आशीर्वाद. आम्ही इथे बरे आहोत, म्हणजे मी बरा आहे आणि तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही. बोलते, पण "जेवण वाढलंय" आणि "दार ओढून घ्या" एवढंच. तू गोदाम सोडून गेलीस त्याला या महिन्यात वर्ष होईल. तेव्हापासून तिचं हे असं चाललंय. तू साबणाच्या कारखान्यात खोकी मोजतेस हेही मला तिच्याचकडून कळलं. थेट मला चार ओळी लिहायला तुझी बोटं झिजतात का गं?

इथे नुसता वैताग आहे. मालकांनी आता दर शनिवारी पाहुणे आणायचं खूळ काढलंय. सदतीस वर्षं रम हुंगून आणि मिसळून मी या डिस्टिलरीचा मुख्य ब्लेंडर झालो, आणि आता गळ्यात बिल्ला अडकवून लोकांना पेला कसा धरायचा ते शिकवतो. म्हणतो, घाई करू नका, पेल्याला तळहाताची ऊब लागू द्या. नाक आत खुपसू नका, कडेशी धरा, तोंड जरासं उघडं ठेवा, नाहीतर नुसतं झोंबेल. पहिला घोट तोंड तयार करायला, चव बघायची ती दुसऱ्या घोटाला. मग पाण्याचे चार थेंब टाका आणि थांबा. थांबा म्हटलं की यांच्या पोटात दुखतं! परवा एका गृहस्थांनी पेला एका दमात रिकामा केला आणि म्हणाले, "हे ठीक आहे हो, पण खास पहिल्या धारेची काढा की!"

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "साहेब, पहिली धार आम्ही बाजूला काढतो. नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा वास मारते ती. ठेवायची ती मधली धार." त्यांना वाटलं, मी चांगला माल लपवतोय. बायकोला म्हणाले, "यांच्यात असंच असतं."

बरं, सगळं साग्रसंगीत दाखवायचं. मळीत पाणी आणि यीस्ट घालून हौदात फसफसत ठेवतो, तिथे हे नाकाला रुमाल लावतात. तांब्याच्या भट्टीपाशी फोटो काढतात. गोदामात आलं की सगळ्यांचा एकच प्रश्न: सर्वांत जुनी कुठली? मग मला मोठ्या लाकडी टाकीपाशी जावं लागतं. मी सांगतो, हिच्यात बावीस वर्षांची रम आहे. त्यांचं लक्ष पाटीकडे जातं. पाटीवर लिहिलंय, 'वय तीन वर्षं'.

"हे कसं काय?"

मग नियम समजावायचा. मिश्रणात सर्वांत लहान जी रम असेल, तिचं वय बाटलीवर लागतं. बावीस वर्षांच्या अख्ख्या टाकीत तीन वर्षांचं एक पिंप पडलं की सगळी टाकी तीन वर्षांची. "पण पडलं कसं?" असं विचारतातच. मी म्हणतो, गोदामात चूक झाली. आणि पुढे चालायला लागतो.

आता मुद्द्याचं. टेकडीपलीकडच्या डिस्टिलरीतून तिथल्या व्यवस्थापकांचं पत्र आलंय. तू तिथे गोदामप्रमुखाच्या जागेसाठी अर्ज केलास म्हणे. मला सांगायचंस तरी! ते विचारतात, इथली नोकरी कशामुळे सुटली, हिच्यावर पिंपं सोपवावीत का. मी महिनाअखेरपर्यंत उत्तर दिलं नाही तर जागा दुसऱ्याला जाणार. तू मेहनती आहेस, वेळेवर येतेस, हे मी लिहीनच. त्या प्रकरणाबद्दल 'गैरसमज' असा शब्द घातला तर चालेल ना? का काहीच लिहू नको? तुला काय बरं वाटेल ते कळव. मला या लचांडात फार अडकवू नकोस.

दातांची काळजी घे.

दादा

१३ मार्च, गुरुवार

मुंगे,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. माझ्या चार पानांना तुझी एक ओळ: 'दादा, त्या पिंपावर खडूने काय लिहिलं होतं?' ना नमस्कार, ना चमत्कार! तब्येत विचारायची तरी पद्धत असते. बरं, पोस्टमनने ते दिलं तुझ्या वहिनीच्या हातात. तिने ते वाचलं, आणि जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलंय, माझ्या खुर्चीच्या बरोबर समोर. चार दिवस झाले, मी तुझं अक्षर बघत जेवतोय. सरकवून ठेवलं तर परत तिथेच येतं.

वर्षापूर्वीचं परत उगाळून काय मिळणार आहे? तुला सगळं माहीत आहे, मला सगळं माहीत आहे. तुला परत एकदा ऐकायचंच असेल तर ऐक.

त्या दिवशी तू दाढ काढायला गेली होतीस. टाकी भरायची होती. दर वर्षी लाकडातून थोडी रम उडून जाते, तो छपराचा वाटा. तेवढी भर त्याच वयाच्या पिंपातून घालायची, हे काय मी आज करतोय? पण तुझा नियम! तू नंबर मोठ्याने वाचल्याशिवाय कुणी बूच काढायचं नाही. मी तुला या गोदामात आणलं, पिंप गडगडवायला मी शिकवलं, आणि मलाही तोच नियम. पंप दुपारपर्यंतच मोकळा होता. तुझी दाढ निघेपर्यंत मी काय हात बांधून बसायचं होतं?

मी वरच्या रांगेतल्या पिंपाचं बूच काढलं आणि वास घेतला. भाजलेली साखर, संत्र्याची वाळलेली साल, थोडं चामडं. मला दुसरं काही तपासायची गरज वाटली नाही. आता कळतंय की ते पिंप आकाराने लहान होतं, कोरं होतं, आतून चांगलं जाळलेलं होतं, आणि तीन उन्हाळे पत्र्याच्या लगेच खाली तापलं होतं. त्यातली रम वयाआधीच काळी झाली होती. कुणाचंही नाक फसलं असतं! हे मी मालकांना सांगितलंही असतं. पण त्यांनी मला नाकाचं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, पिंपावर खूण होती का? मी नाही म्हटलं. तुझ्या रजिस्टरात ते पिंप बरोबर लिहिलेलं होतं, पण "पिंपावर खूण नसेल तर रजिस्टर काय चाटायचंय?" असं मालकच म्हणाले, मी नाही. तुला जा असं मी म्हटलेलं नाही. तू महिनाभर सगळ्यांच्या नजरा झेलल्यास आणि आपण होऊन राजीनामा दिलास.

काल त्या टाकीतली थोडी काढून मी एकटा बसलो. पाहुणे नाहीत, बिल्ला नाही. खरं सांगतो, रम सुरेख आहे. आधी गूळ, मग जुनं लाकूड, घोट उतरल्यावर कितीतरी वेळ जिभेवर मनुका रेंगाळतात. पण सगळ्याच्या मागे एक हिरवट, कच्चा वास आहे, न पिकलेल्या केळ्याचा. दुसऱ्या कुणालाही लागत नाही. मालकांना दाखवला, ते म्हणाले तुमच्या मनाचे खेळ. मला दर वेळी लागतो. मी उरलेली ओतून दिली.

व्यवस्थापकांनी परत विचारलंय. मी त्यांना लिहायला दोनदा बसलो. 'गैरसमज' लिहिलं की पुढचं वाक्य सुचत नाही. तू जरा समजुतीने घेतलंस तर हे प्रकरण इथेच मिटेल. आणि नीट, माणसासारखं पत्र लिही.

दादा

२१ मार्च, शुक्रवार

मुंगे,

दुसरं कार्ड आलं. तीच ओळ, अक्षर तेवढं मोठं. तुझ्या वहिनीने तेही पहिल्याशेजारी टेकवलं.

तर घे उत्तर. तीन. 'तीन वर्षं' असं लिहिलं होतं, त्याखाली तारीख, त्याखाली तुझी ती वाकडी सही. मी वाकून बघितलं ते पंप बंद केल्यावर. आधी बघितलं असतं तर एक क्षण लागला असता. सदतीस वर्षं ज्या नाकाची सगळे आरती करतात, ते तीन आणि बावीस ओळखू शकलं नाही. दारात तुझी चाहूल लागली. गालावर रुमाल धरून तू आत येत होतीस. मी ओलं फडकं घेतलं आणि पुसून टाकलं. दोनदा हात फिरवला. मग तू विचारलंस, "दादा, कुठलं पिंप?" आणि मी म्हटलं, "बिनखुणेचं होतं, तूच विसरलीस."

हे मी वर्षभर कुणालाही सांगितलं नव्हतं. स्वतःशीसुद्धा 'गोदामात चूक झाली' असंच म्हणत होतो.

आता पुढचं ऐक, आणि मधेच रडू नकोस, मला चिडू दे. मंगळवारी सकाळी गोदामाचे पत्रे बदलायचे म्हणून वरची रांग खाली उतरवली. ते रिकामं पिंप तिथेच पडून होतं. मी ते एकट्याने फिरवलं. भिंतीकडच्या तोंडावर खडूने लिहिलंय: तीन वर्षं, तारीख, सही. स्वच्छ, कालच लिहिल्यासारखं. म्हणजे तू प्रत्येक पिंपावर दोन्हीकडे लिहीत होतीस! इतकी वर्षं शेजारी काम करून मला पत्ता नाही, कारण पिंपाच्या मागे मी कधी गेलोच नाही. मागे जायचं ते तू.

फडकं हाताशी होतं. पाणीही होतं. खोटं बोलत नाही, मी फडकं भिजवलं.

आणि मग डोक्यात उजेड पडला. त्या महिन्यात मालकांनी तुला तीनदा बोलावलं. तू एवढंच म्हणायचंस, "पिंप फिरवा आणि बघा." दोन मिनिटांचं काम. तू म्हणाली नाहीस. "मी लिहिलं होतं" एवढंच म्हणत राहिलीस आणि माझ्याकडे बघत राहिलीस. मी आपला जमिनीकडे बघत होतो. माझी लाज राखायला तू स्वतःच्या नावाला काळं लावून घेतलंस आणि साबणाची खोकी मोजायला गेलीस. कुणी सांगितला होता गं तुला हा शहाणपणा? मी मागितलं होतं का? एक शब्द बोलली असतीस तर मी त्या दिवशी उघडा पडलो असतो, चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि सुटलो असतो! वर्षभर मला या चिखलात ठेवलंस. बघ, अजून तुझ्यावरच ढकलतोय. ही सवय लवकर जाणार नाही.

मी फडकं पिळून ठेवलं आणि मालकांना खाली बोलावलं. त्यांनी अक्षर बघितलं, माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, झालं ते झालं. बाहेर बोलू नका. तुमचं नाक आपल्या जाहिरातीत आहे." डोकंच फिरलं माझं! वर्षाने तोंड उघडलं, तर यांनी परत झाकण लावलं. मग मी चहाच्या सुट्टीत भट्टीवाले, पंपवाले, बाटल्या भरणाऱ्या बाया, सगळ्यांना गोदामात नेलं आणि पिंपापाशी उभं राहून सांगितलं. खूण कुणी केली, कुणी पुसली, सगळं. पंपवाल्याने पिंपावर हात ठेवून विचारलं, "मग ताईंना आम्ही वर्षभर नावं ठेवली ती?" मालक आता माझ्याशी बोलत नाहीत, म्हणजे घरी आणि दारी सारखंच झालं. पण घरी फरक पडलाय. वहिनीला सांगितलं तेव्हा तिने हातातलं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "तिने मला तेव्हाच सांगितलं होतं. पण ती म्हणाली, त्याचं त्यालाच बोलू दे." मग आत जाऊन दार लावून घेतलं. रडत होती असं वाटतं.

व्यवस्थापकांना पत्र मी काल स्वतः नेऊन दिलं. 'गैरसमज' हा शब्द त्यात नाही. त्यात असं आहे: 'माझ्या बहिणीच्या हातून चूक झाली नाही. चूक मी केली, तिच्या हातची खूण मी पुसली आणि तिला दोषी ठरू दिलं. तुमची पिंपं तिच्यावर बिनधास्त सोपवा. माझ्यावर सोपवताना विचार करा.' त्यांनी ते माझ्यासमोर उभ्याउभ्या वाचलं. चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, पहिल्या तारखेपासून तिला यायला सांगा. मी म्हटलं, तुम्हीच कळवा, माझ्याकडून तिला काही चांगलं कळलं तर तिचा विश्वास बसणार नाही.

तरीही कळवल्याशिवाय राहवलं नाही.

'माफ कर' असं वर तीनदा लिहून खोडलंय, तुला डाग दिसतीलच. मागायला काही उरलंच नाही. तू मला तेव्हाच, न मागता माफ करून बसलीस, आणि तेच मला सोसवत नाही. या वेळी एक ओळ पाठवू नकोस. चांगली चार पानं लिही, वर्षभराचं सगळं काढ, मला तोंडाला येईल ते बोल. मी प्रत्येक ओळ वाचीन, आणि या खेपेला खाली बघणार नाही.

फक्त वयानेच मोठा,
तुझा भाऊ