तानूबाईंचा चेहरा

१२ नोव्हेंबर
आज सिल्वासाला रुजू झालो. खोली हवेशीर, शेजार चांगला. स्वयंपाकाला खानवेलहून तानूबाई येतात. रिकामे डबे उघडून म्हणाल्या, साहेब, इथं उपास करायला आलात काय? वैशाली गेल्यापासून पहिल्यांदाच हसलो.

१६ नोव्हेंबर
वर्षश्राद्धासाठी सासूबाईंनी वैशालीचा अलीकडचा फोटो मागितला. माझ्याकडे धड एकही नाही. फोटो नेहमी तीच काढायची, त्यामुळे सगळ्यांत मीच आहे. लग्नातल्या फोटोत मान खाली आणि मुंडावळ्या. बायकोचा फोटो नाही हे सांगायची लाज वाटली. म्हणालो, चित्र काढतोय. मग डोकमर्डीत रजनी मॅडमचा चित्रकलेचा वर्ग लावला.

२७ नोव्हेंबर
चेहरा आठवून काढता येईना. मॅडम म्हणाल्या, समोर माणूस बसवा. चार दिवस तानूबाईंना बसवतोय. हात लांब करून पेन्सिलीने नाक मोजलं, तर म्हणाल्या, रोज काय मोजता, वाढतंय का ते? त्यांचा कान वैशालीसारखा वाटला. चित्रात तोच घेतला.

८ डिसेंबर
हात सुधारला. वैशालीची हनुवटी आठवेना, म्हणून तानूबाईंचीच घेतली. मग नाकही. त्या म्हणतात, हल्ली आरशात परकं वाटतं. मी हसण्यावारी नेलं.

१५ डिसेंबर
चित्र झालं. डोळेही तानूबाईंचे, ओठ तेवढे आठवणीतले. व्हिडिओ कॉलवर दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, ही कोण बाई? वर्षात विसरलात माझ्या लेकीला?

मान वर करवेना. खोडरबराने सगळं पुसलं. ओठांवर हात चालला नाही.

स्वयंपाकघरातून तानूबाईंनी विचारलं, साहेब, लाइट गेली का?

भर दुपार होती.

१६ डिसेंबर
तानूबाई रात्री इथेच राहिल्या. सकाळी त्यांना बघितलं. ओठ आहेत. बाकी नुसती कातडी – रबर फिरल्यासारखी –

संध्याकाळी त्यांचा नवरा झिपरू आला. त्या पदर ओढून दारात उभ्या. पदर वाऱ्याने सरला. त्यांनाच विचारलं त्याने, आमची तानू कुठं हाय? मी म्हणालो, गेली मघाच. माझ्या तोंडून गेलं हे.

१७ डिसेंबर
समोर बसल्यात. मी शिकवल्याप्रमाणे हनुवटी वर – जिथे हनुवटी होती. म्हणतात, एवढं मोजलंत, आता काढा परत. घरी जायचंय.

कागद घेतला. कान – कसा होता? वैशालीसारखा. वैशालीचा कसा –

नुसते तुकडे मोजले – कान, नाक. अख्ख्या चेहऱ्याकडे असं कधी बघितलंच – दोघींच्याही –

विचारतात, साहेब, झाले का डोळे?

हो म्हणालो. कागद अजून कोराच –