उंटाच्या पाठीमागचा शिंपी

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (पत्रातून घातलाय, तेव्हा पाय मागे घेता येणार नाहीत.) गुडघा कसा आहे? मशीनचा पट्टा अजून तुटतो का? तुम्ही दोन वर्षं माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे ही उत्तरं मामीच फोनवर देते. पण विचारायची पद्धत आहे म्हणून विचारलं.

मामा, तुमची भाची जिंकली! पहिलं बक्षीस! तुमचं दुकान सोडून मी 'बाहुल्या हलवायला' गेले ना (शब्द तुमचेच), त्या आमच्या व्हीआर कार्टूनपटाला. व्हीआर म्हणजे डोळ्यांवर चष्म्याचं खोकं बांधायचं आणि थेट सिनेमाच्या आत जाऊन बसायचं. मान वळवाल तिकडे सिनेमा. आमचा सात मिनिटांचा आहे. समुद्र शोधायला निघालेला एक उंट गल्लीतून जातो. उंट समोर, प्रेक्षक गल्लीत मधोमध, आणि प्रेक्षकाच्या पाठीमागची बाजू माझ्याकडे. दिग्दर्शक म्हणाले, "मागे कोण बघतंय? एक भिंत रंगव आणि मोकळी हो." आता मी शिकले कुणाच्या हाताखाली? सदरा हातात आला की आधी उलटा करून शिवण बघणाऱ्या माणसाच्या! सहा महिने खपून मी मागे शिंप्याचं अख्खं दुकान उभं केलं. शिंपी सुईत दोरा ओवतो, चुकतो, गिऱ्हाइकावर डाफरतो (गिऱ्हाइकाची काही चूक नसते) आणि शेवटी मशीनवर डोकं टेकून घोरतो. दिग्दर्शकांनी एकदाही वळून बघितलं नाही.

स्पर्धेच्या परीक्षकांसमोर खेळ लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. 'समोर' म्हणजे कुठली बाजू, हे त्या चष्म्याला आधी सांगावं लागतं. सहा महिने मागे तोंड करून बसलेल्या बाईचं समोर म्हणजे दुकानच की! तेच सांगून टाकलं. पाचही परीक्षक उंटाकडे पाठ करून बसले. बाजूच्या पडद्यावर ते दिसलं, तोवर खेळ सुरू झाला होता. दिग्दर्शक असे बघत होते की नोकरी गेलीच समजा. तेवढ्यात एक परीक्षक फिस्सकन हसले. मग सगळेच. एक बाई तर शिंप्याला दोरा ओवून द्यायला हवेत हात घालत होत्या! तिकडे उंट समुद्राला पोचला, कुणी ढुंकून पाहिलं नाही. निकालानंतर दिग्दर्शकांनी भाषण ठोकलं की लोकांना मागे बघायला लावणं ही त्यांची पहिल्यापासूनची कल्पना. मी कडकडून टाळ्या वाजवल्या. आज कुणावर रागवायचं नाही असं ठरवलंय.

तुमची,
उलट्या बाजूनेही स्वच्छ असलेली भाची

ता. क. : तो शिंपी तुम्ही आहात. नियम असा की हयात माणसाचा चेहरा घेतला तर त्याची लेखी संमती लागते. शुक्रवारपर्यंत मिळाली नाही तर बक्षीस दुसऱ्या नंबरच्या, कासवाच्या सिनेमाला जाईल. कागद सोबत जोडलाय, फुली केलीय तिथे सही करा.

आणखी एक : घोरणंही तुमचंच. मामीने फोनवर टिपून पाठवलं. साक्षीदार म्हणून तिची सही आधीच झालीय.

शेवटचं : सिनेमातल्या दुकानात खुंटीवर बिनबाह्यांचा निळा सदरा आहे. भांडून निघाले तेव्हा मी अर्धा टाकलेला, तोच. मामी म्हणते, तो अजून तिथेच आहे, तुम्ही कुणाला हात लावू देत नाही. मला तुमची फार आठवण येते, मामा. सही करा नाहीतर करू नका, रविवारी मी बाह्या लावायला येतेय. बोलला नाहीत तरी चालेल, डाफरलात तरी पुरे.