डाव्या हातासाठी खाचा

पूर्णा, ३ जानेवारी १९४५

जेवायला बसताना पारूने विचारलं, "अक्का, पूजेला गळ्यातलं लिंग ज्या डाव्या तळहातावर ठेवतात, त्याच हातानं घास घेतला तर घर कसं काय बाटतं?"

मी घरातली पहिली बी.ए. मुलींच्या शाळेत दिवसभर उत्तरं देते. धाकट्या बहिणीला मात्र म्हणाले, "जेव आधी."

जेवणार कशी? डावं मनगट अप्पांनी उपरण्याने कमरेला बांधलेलं. सतरा वर्षांची मुलगी. संक्रांत झाली की बोरीचे लोक बघायला येणार, तोवर हात 'वळला' पाहिजे. उजव्याने घास घेताना आमटी कोपरापर्यंत. माय हसली, पारूही हसली. मी पदराने तिचं कोपर पुसलं.

५ जानेवारी

जुम्मा. शुक्रवारी निजामी शाळा बंद. पारूबरोबर रेल्वेच्या चाळीत गेले. गार्डसाहेबांच्या बायकोकडे, रोझीबाईंकडे, ती क्रोशा शिकते. साहेबांची सिकंदराबादला बदली झाली, घरभर पेट्या. बाईंनी भिंतीवरची गिटार काढून पारूच्या मांडीवर ठेवली. "ले जा. गाडी में टूट जाएगी."

पारूने ती उलटी धरली. दांडीवरच्या पडद्यांवर उजवा हात, छेडायला डावा. बाई टाळ्या वाजवून म्हणाल्या, "अरे, लेफ्टी!" त्या हाताकडे बघून कुणी खुशीने हसलेलं आज पहिल्यांदा पाहिलं.

पण उलटी धरली की जाड तार खाली जाते, बारीक वर. तारा उलट क्रमाने बसवाव्या तर दांडीच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या खाचा आड येतात. बारीक तारेच्या खाचेत जाड तार शिरत नाही आणि जाड तारेच्या खाचेत बारीक तार खुळखुळते. पट्टीच नवी हवी. बाई म्हणाल्या, हाडाची असते.

आमच्या लिंगायत घरात हाड! पारू म्हणाली, "अप्पांना सांगू का, देवघरात ठिवा म्हणून?" रस्ताभर हसत आलो.

८ जानेवारी

मायचं मोडकं शिसवी लाटणं मागून घेतलं. त्यातून बोटाएवढी पट्टी निघाली. बारीक कानशी गल्लीतल्या सोनारकाकांकडून आणल्या.

"बी.ए. होऊन कानस? नथ घडवायलीस का काय?"

"तारा बसवायलेय, काका."

"बसव, बसव. अप्पा म्हणायलेत, पोरीचं लगीन काय बसंना."

पारूचं नव्हे, माझं. कानशी घेऊन आले.

११ जानेवारी

पट्टी वाया गेली. पाच खाचा साधल्या, सहावीला घाई केली. दोन घासे जास्त पडले, तार पहिल्या पडद्यावर टेकून माशीसारखी भणभणायला लागली. लाख वितळवून भरली, ती टिकली नाही. रोझीबाई म्हणाल्या होत्या, "धीरे घिस, बेटी. कट गया सो वापस नहीं आता." ऐकलं होतं. केलं नाही.

लाटण्याचा तुकडा उरलाय, अजून दोन पट्ट्या निघतील.

शाळेत मोठ्या बाई म्हणाल्या, दुसरीतली एक मुलगी डाव्या हाताने तख्तीवर लिहिते, तिच्या बोटांवर पट्टी मारत जा. मी म्हणाले, "तिचं अक्षर वर्गात सगळ्यात चांगलं आहे." म्हणाल्या, "त्याचा इथे काय ताल्लुक?"

१६ जानेवारी

झाली. खाच खुंट्यांच्या बाजूला जरा उतरती ठेवायची, म्हणजे तार नेमक्या कडेवर टेकते. प्रत्येक तार तिसऱ्या पडद्यावर दाबून पाहिली. पहिल्या पडद्यावर तेव्हा कागद जाईल एवढीच फट राहायला हवी. तपासायला आणलेल्या एका वहीचं कोरं पान फाडून घातलं. सहाही तारांखालून गेलं.

माय सोमवारी म्हणते ती आरती पारूने एकेका तारेवर शोधली, मग सलग वाजवली. चुकत होती, थांबत नव्हती. मधल्या दारातून दुकान दिसतं. अप्पा एका हातात तराजू, दुसऱ्या हातात डाळीचं माप घेऊन तसेच उभे. गिऱ्हाईक म्हणालं, "अप्पा, तोला की." तेव्हा तोललं.

जेवताना त्यांनी उपरणं मागितलं नाही. मला वाटलं, जिंकलो. किती लवकर वाटतं मला.

२१ जानेवारी

बोरीचे लोक येऊन गेले. मुलाची आई, चुलते आणि त्यांच्या गावचे स्वामी.

पारूकडून सगळं घोटून घेतलेलं. रांगोळी उजव्याने, सुईत दोरा उजव्याने, गुळपाण्याचे पेले उजव्याने. एक थेंब सांडला नाही. मुलाच्या आईने मायकडे बघून मान हलवली. अप्पा स्वामींना गादीवर सरकून बसा म्हणाले, आवाजात खुशी.

मग जेवणाआधी सगळे पूजेला बसले. पारूने गळ्यातलं लिंग काढलं, उजव्या तळहातावर ठेवलं आणि डाव्या हाताने बेल वाहिला. लहानपणापासून ती कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून पूजा करते. आपलं लिंग सोडून दुसऱ्याच्या हाताकडे कोण बघतं? घरात एवढं सगळं शिकवलं, हे शिकवायचं एकालाही सुचलं नाही. मलाही नाही.

मुलाच्या आईला दिसलं. "अगं बया! पोरगी डावरी हाय की. देवालाबी उलटंच."

चुलते म्हणाले, "जेवू तरी द्या, वैनी." जेवले. पोटभर जेवले. स्वामींनी विभूती लावून डोळे मिटले ते पान वाढेपर्यंत उघडले नाहीत. मी त्यांना विचारणार होते, हा हात तो हात असं लिंगाला कळतं का. मायने मांडीला चिमटा काढला.

२२ जानेवारी

अप्पांनी गिटारीच्या तारा सैल केल्या आणि अडकित्त्याच्या टोकाने पट्टी उचकटली. माझ्यापुढे टाकली.

"पोरीचा हात वळायला लागला होता. तुझ्या कानशीनं पुन्हा वाकडा केला."

"अप्पा, हात मी नाही केला. पट्टी केली."

"तूच केलीस, तूच सरळ कर. उजव्या हाताची करून दे. वाजवायची तर उजव्यानं वाजवंल. बोरीला निरोप धाडतो, महिनाभरात हात वळवून देतो म्हणून."

मी नाही म्हणाले. बरंच बोलले. शिक्षण, अंधश्रद्धा, नवा काळ. अप्पा उठून दुकानात गेले.

पारू भांडी घासत होती. "करून दे की, अक्का. भाषण तू करतीस, बांधून घ्यायला मी हाय."

२६ जानेवारी

केली. मूळची हाडाची पट्टी काढतानाच मोडली होती, म्हणून नवीच. सोनारकाकांनी शिंगाचा तुकडा देऊ केला, नको म्हणाले. शिसवी लाटण्याचा शेवटचा तुकडा होता, तोच वापरला. हात आता बसलाय. एकही खाच खोल गेली नाही, एक तार भणभणत नाही. मी केलेल्यांत सगळ्यात चांगली पट्टी हीच झाली.

पारू उजव्याने वाजवते. वाजवते म्हणजे तारा ओढते. आरती ओळखू येत नाही. अप्पा दारात बसून ऐकतात आणि म्हणतात, "जमायलंय."

३० जानेवारी

बोरीचे चुलते बाजाराला आले होते, दुकानात निरोप ठेवून गेले. धाकट्याला मुलगी नको. थोरला भाऊ बिजवर आहे, बायको गेली, दोन लहान लेकरं. त्याला चालेल. अप्पांनी निरोप जसाच्या तसा सांगितला, स्वतःच्या तोंडाने. "लेकरं सांभाळायला कुठलाबी हात चालतोय, म्हणले."

माय रडली. अप्पा म्हणाले, "रडायचं काय? घर चांगलं हाय. एक शिकवून ठिवली, ती घरातच बसली. दुसरी ह्या हातापायी घरात बसवू का?"

म्हणजे मी. मला वाटत होतं, माझं शिकणं ह्या घराला उजेड आहे.

हो म्हणून कळवलंय. पुढच्या आठवड्यात सुपारी.

१ फेब्रुवारी

पारूला विहिरीवर गाठलं. सरळ विचारलं, "तुला जायचंय का?"

"न्हाई गेले तर कुठं राहू? तुझ्यापाशी?"

"माझ्यापाशी."

"तुझी बदली झाली तर?"

"बरोबर नेईन."

"आन् तुझं लगीन ठरलं तर?" मी बोलायच्या आत तीच हसली. "ते न्हाई ठरायचं म्हणा."

तिने घागर भरून काठावर ठेवली. मग म्हणाली, "मला लेकरं आवडतात, अक्का. पर कुणी असं म्हणून नेलेलं न्हाई आवडत. कुठलाबी हात." आणि जाता जाता, "तू जा बोरीला. सांग न्हाई म्हणून. पर मी म्हणले असं सांगू नको."

वाईट वाटलं. राग येऊ दिला नाही. तिला ह्याच घरात राहायचंय, निदान काही दिवस.

२ फेब्रुवारी

जुम्मा, म्हणून आजच गेले. सकाळच्या गाडीने परभणी, तिथून जिंतूरची मोटार. मायला सांगितलं, शाळेचं काम आहे.

बोरीत घर विचारत गेले. मुलाची आई अंगणात तूर पाखडत होती. ओळखलं. "ये गं मास्तरीण. मानपानाचं बोलाया बाप सोडून तुला धाडलं?"

म्हणाले, "अप्पांनी सांगितलंय, मुलगी द्यायची नाही."

सूप थांबलं. "बाप का न्हाई आला मग?"

"त्यांना लाज वाटली."

"कशाची?"

"तुमच्या निरोपाची."

अप्पांचं नाव घालून खोटं बोलले. त्यांना लाज वाटायला हवी होती, ती मीच वाटून घेतली. बाई म्हणाली, "डावरी ती डावरी, वर तोरा!" आणखी बरंच. वेशीपर्यंत ऐकू येत होतं.

थोरला ओट्यावर होता. धाकट्या लेकराला भाकरी कुस्करून दुधात भरवत होता, लेकरू थुंकत होतं, हा पुन्हा भरवत होता. माझ्याकडे एकदा पाहिलं, लेकराचं तोंड पुसलं. माणूस वाईट दिसला नाही. परतीच्या वाटेवर त्याचाच जास्त राग येत राहिला.

दिवेलागणीला घरी पोचले. पारूने दारातच पाहिलं, मी 'झालं' म्हणून मान हलवली, ती आत गेली. अप्पा खुशीत. सोमवारी नांदेडला बस्ता बांधायला चला म्हणतायत, मायला लुगड्याचा रंग विचारतायत. बोरीचा माणूस सोमवारच्या आत येईलच. त्याच्याआधी मी सांगणार आहे, उद्या सकाळी, दुकान उघडायच्या आत. परवानगी मागायची राहिलेली नाही, झालेलं सांगायचं आहे. माय म्हणते हिरवं. अप्पा म्हणतात, हिरवं नको, लाल घेऊ.